दिव्याखालचा अंधार

शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते तेव्हा 'प्रकाश' हे प्रकरण किती तुकड्यांना शिकवलं, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. परावर्तन, अपवर्तन, भिंगं, आरसे, सगळं तोंडपाठ. आणि त्याच प्रकरणावर घरी बसून पहिला व्हिडिओ केला, तेव्हा त्यात बाकी सगळं होतं, प्रकाश तेवढा नव्हता.

निमित्त भाचीचं. ती परीक्षेच्या तयारीला लागली होती आणि रोज रात्री फोन करून एकेक शंका विचारायची. अंतर्गोल आरशात प्रतिमा कुठे पडते हे आकृतीशिवाय फोनवर सांगून पाहा, म्हणजे कळेल. शेवटी तीच म्हणाली, "मावशी, तू रेकॉर्ड करून पाठव ना. मी हवं तिथे थांबवून बघेन." लॅपटॉप होता, त्याला कॅमेरा होता, विषय मला येत होता. आणखी काय लागतं?

त्याच रात्री लॅपटॉप टेबलावर उघडला, खोलीतला नेहमीचा छताचा दिवा लावला आणि अकरा मिनिटं बोलले. पाठवून दिलं. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं: "मावशी, शिकवलंयस छान. पण मी विहिरीत पडलेय आणि तू काठावरून वाकून बघतेयस असं वाटतंय. डोक्यावर पंखा पण आहे."

मग मीही तो व्हिडिओ पाहिला. पाठवण्याआधी पाहिला नव्हता, हे कबूल करते. चेहरा राखेसारखा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, गालांवर मुंग्या चालत असाव्यात तसे हलणारे दाणे. हात उचलला की बोटांऐवजी धुराचा पट्टा दिसायचा. निळं पुस्तक समोर धरलं की मी केशरी, पुस्तक खाली ठेवलं की पुन्हा पांढरीफटक. आवाज तर पाण्याच्या रिकाम्या टाकीत बसून बोलल्यासारखा.

दोष अर्थातच कॅमेऱ्याचा, असं ठरवून मी मोकळी झाले. लॅपटॉपचा कॅमेरा ७२० चा होता, म्हणून १०८० चा वेगळा वेबकॅम घेतला. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगलं, हा माझा हिशेब. ७२० म्हणजे १२८० गुणिले ७२०, साधारण सव्वानऊ लाख बिंदू. १०८० म्हणजे १९२० गुणिले १०८०, पावणेएकवीस लाखांच्या आसपास. दुपटीहून जास्त. नवा कॅमेरा लावला, त्याच दिव्याखाली, त्याच खुर्चीवर बसले आणि रेकॉर्ड केलं. पूर्वी जो चिखल धूसर दिसत होता तो आता अगदी स्पष्ट दिसायला लागला.

इथे जरा विषयांतर करते. वेबकॅमचा जन्म केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतला. तिथल्या संशोधकांना कॉफी प्यायला उठून जावं तर भांडं रिकामं मिळायचं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि जागेवरूनच भांडं बघायची सोय केली. चित्र १२८ गुणिले १२८ बिंदूंचं, तेही करड्या छटांचं. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आत बिंदू. तेवढ्यात कॉफी आहे की नाही हे कळत होतं. माझ्या हाताशी वीस लाख बिंदू होते आणि माझे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळत नव्हतं.

मग मी जे वर्गात मुलांना सांगायचे ते स्वतः केलं. अंदाज बांधायचे सोडून मोजायला बसले. फोनवर शेकडांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच सुरू केलं, फोन कॅमेऱ्यासमोर धरला आणि दहा सेकंद रेकॉर्ड केले. नंतर तो व्हिडिओ एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत पाहिला. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमवर आकडा बदलायला हवा. माझ्याकडे प्रत्येक आकडा दोनदा येत होता. फाइलच्या माहितीत ३० लिहिलेलं, प्रत्यक्षात कॅमेरा १५ च चित्रं देत होता आणि सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र दोनदा लिहून आकडा पुरा करत होतं. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीजवळ केली, तर प्रत्येक फ्रेमवर नवा आकडा.

कारण ऐकल्यावर सोपं वाटतं. सेकंदाला ३० चित्रं घ्यायची तर एका चित्रासाठी जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश आत आला नाही, तर कॅमेरा आपणहून वेळ वाढवतो, एक पंधरांश सेकंद करतो. त्या वेळात माझा हात वीतभर सरकलेला असतो, म्हणून तो धुराचा पट्टा. तेवढ्यानेही भागलं नाही तर जो काही क्षीण संकेत मिळालाय तोच तो वाढवतो, आणि त्याबरोबर सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, गोंगाटही वाढतो. त्या गालावरच्या मुंग्या. वेबकॅमचा सेन्सर असतो केवढासा, करंगळीच्या नखावरही सहज मावेल. लॅपटॉपच्या झाकणातला तर आणखी लहान, कारण झाकणाची जाडीच मुळात काही मिलिमीटर. अशा कॅमेऱ्याला छताच्या दिव्यावर काम करायला लावणं म्हणजे त्याला उपाशी ठेवून ओझी उचलायला लावणं.

आणि गोंगाटाचा मार दुहेरी बसतो, हे मला हिशेब केल्यावर कळलं. माझा वेबकॅम यूएसबी २.० वर चालतो. त्या तारेची कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट. १०८० चं चित्र न दाबता पाठवायचं तर प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरून सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास बाइट होतात, म्हणजे जवळजवळ १०० कोटी बिट. तारेत निम्मंही मावणार नाही. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र आतच दाबून लहान करतो आणि मग पाठवतो. दाबणाऱ्याला सपाट भिंत आवडते, कारण ती थोडक्यात सांगता येते. गालावरचा प्रत्येक हलता दाणा मात्र त्याला नवी माहिती वाटते. तो दाणे जपत बसतो आणि पापण्यांवर पाणी सोडतो. पुढे फाइल तयार करताना तेच पुन्हा एकदा घडतं. अंधारातला व्हिडिओ नुसता काळा नसतो, तो चौकोन चौकोन पडलेला दिसतो, तो यामुळे.

इतकं कळल्यावर कॅमेऱ्याकडे पाहणं बंद केलं आणि दिव्यांच्या मागे लागले.

पहिला प्रयोग टेबललॅम्पचा. सरळ तोंडावर रोखला. दाणे गेले, पण चेहरा असा दिसायला लागला की चौकशीला बसवलंय. नाकाची काळी सावली गालावर, कपाळ आरशासारखं, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पांढरे दिवे. लहान दिवा कडक सावली पाडतो, मोठा दिवा मऊ. हे मी फळ्यावर प्रच्छाया आणि उपच्छाया, म्हणजे गडद आणि फिकट सावली, काढून किती वर्षं शिकवलं! दिवा मोठा करायचा तर दुसरा दिवा आणायला हवा असं नाही. लॅम्प उलटा फिरवला आणि लॅपटॉपच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला. आता माझ्यासाठी दिवा म्हणजे ती तीन-चार फुटांची उजळलेली भिंत. सावल्या विरघळल्या. उजेड थोडा कमी झाला, पण डोळ्यांचे खड्डे भरून आले. दिव्याची जागा बदलण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं, तरी या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा नव्या कॅमेऱ्याने पडला नव्हता.

मग अंतर. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम. खरं तर तो बिंदूसारख्या लहान दिव्याला लागू, मोठ्या भिंतीला तंतोतंत नाही. पण जवळ गेलं की उजेड वाढतो एवढं इथेही खरंच. टेबल भिंतीकडे दोन फूट सरकवलं आणि कमी झालेला उजेड भरून निघाला. वर आणखी एक फायदा पदरात पडला. माझ्यावर उजेड जास्त आणि मागच्या कपाटावर कमी, त्यामुळे मी चित्रातून वेगळी उठून दिसायला लागले. मागची पुस्तकांची गर्दी आपोआप मंद झाली.

दिवसा खिडकीला तोड नाही. पण खिडकी समोर हवी. सुरुवातीला मी ती पाठीशी घेतली होती, मागे बाहेरची झाडं छान दिसतील म्हणून. झाडं छान दिसली, मी कोळशासारखी. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड सरासरीने मोजतो. मागे लख्ख आकाश असेल तर तो चित्र काळं करतो आणि त्यात आपण जातो. टेबल फिरवून तोंड खिडकीकडे केलं, पातळ पांढरा पडदा ओढला. याहून सुंदर उजेड मला विकतच्या कुठल्याही दिव्यातून मिळाला नाही. अडचण एकच, ढग. समीकरण सोडवायला घेतलं तेव्हा मी सोनेरी होते, उत्तर आलं तेव्हा मावळले होते. म्हणून लांबलचक धडा असेल तर अजूनही मी खिडकी बंद करून भिंतीच्या उजेडावरच करते.

दोन उजेड एकत्र करू नयेत, हा धडा मात्र डोळ्यांना पटायला वेळ लागला. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. खिडकीचा उजेड साधारण साडेपाच ते साडेसहा हजार केल्व्हिनचा, निळसर. पिवळ्या बल्बचा २७०० च्या आसपास. आपला मेंदू दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला एकच निवडावा लागतो. एकदा खिडकीबरोबर कोपऱ्यातला पिवळा दिवाही लावला होता. अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा शाईचा निघाला. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या वेळी एकाच रंगाचे दिवे, बाकीचे बंद, छताचासुद्धा.

चष्म्याचं काय केलं हे सांगायला जरा लाज वाटते. दोन दिवस मी लॅम्प इकडे-तिकडे हलवत होते, मान वाकडी करत होते, चष्मा काढून बोलून पाहिलं तर माझीच टिपणं मला वाचता येईनात. मग एकदम लख्ख झालं. आपाती कोन बरोबर परावर्तन कोन! आयुष्यभर घोकून घेतलेलं वाक्य. उजेड जिथून येतोय आणि कॅमेरा जिथे आहे, त्यांच्यामध्ये काच आरशासारखी वागते. उजेडाची जागा एवढी वर आणि बाजूला न्यायची की परावर्तित किरण कॅमेऱ्याला चुकवून खाली जातील. भिंतीवरचा उजळलेला भाग डोक्याच्या वर आणि थोडा डावीकडे नेला, चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या, झालं. उरला तो लॅपटॉपच्या पडद्याचा चौकोन. पडद्याची चमक कमी केली आणि पांढऱ्या पानाऐवजी गडद पान उघडं ठेवलं, तेव्हा तोही गेला.

एवढा उजेड झाल्यावर दाणे आणि धूर गेले. रंग बदलणं राहिलं. त्याची मुळं कॅमेऱ्याच्या अतिहुशारीत होती. एक्स्पोजर (एका चित्रासाठी किती वेळ प्रकाश घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला म्हणायचं), फोकस, तिन्ही तो स्वतः ठरवतो, आणि एकदा ठरवून गप्प बसत नाही. निळं पुस्तक समोर आलं की त्याला वाटतं उजेडच निळा झाला, म्हणून तो चित्रात पिवळा ओततो. भिंग हातात धरलं की फोकस माझ्यावरून भिंगावर, भिंगावरून मागच्या कपाटावर, परत माझ्यावर. भिंगाचा धडा आणि त्यात कॅमेऱ्याच्याच भिंगाचा असा गोंधळ.

ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर मी याच सुमारास वापरायला घेतलं. त्यात कॅमेऱ्याच्या गुणधर्मांत शिरलं की हे सगळे 'ऑटो'चे चौकोन दिसतात. आधी कॅमेऱ्याला हवं ते ठरवू द्यायचं, चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरायचा, चित्र मनासारखं दिसलं की ऑटो काढून टाकायचं. फोकससाठी मी पुस्तकाचं छापील पान डोळ्यांजवळ धरते, अक्षरं स्पष्ट झाली की कुलूप. त्याच यादीत कमी उजेडात मदत करणारा एक चौकोन होता. मदत म्हणजे तीच, फ्रेम कमी करून वेळ वाढवण्याची. तो काढला. यानंतर निळं पुस्तक निळं आणि मी माझ्या रंगाची.

एक्स्पोजरच्या पट्टीवर उणे पाच, उणे सहा असे आकडे होते. आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. ते दोनाचे घात निघाले. उणे पाच म्हणजे एक बत्तीसांश सेकंद, उणे सहा म्हणजे एक चौसष्टांश. मी उणे सहा ठेवलं आणि चित्रात आडवे मंद पट्टे वर सरकायला लागले. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेत असेल तर साधा दिवा १०० वेळा मंद-तेज होतो. जिथे ६० आवर्तनं, तिथे १२०. डोळ्यांना ते दिसत नाही. कॅमेरा मात्र चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. काही ओळींच्या वाट्याला दिव्याची तेज बाजू येते, काहींच्या वाट्याला मंद. एक्स्पोजर त्या लुकलुकण्याच्या पूर्ण पटीत असेल, म्हणजे एक शंभरांश किंवा एक पन्नासांश, तर प्रत्येक ओळीला सारखाच वाटा मिळतो. माझ्या पट्टीवर त्यातलं काहीच नव्हतं. उणे पाच त्यातल्या त्यात जवळचं, म्हणून पट्टे पुसट झाले, पण गेले नाहीत. शेवटी घरातल्या एकेका दिव्यासमोर फोन धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. काही दिवे त्यात झाडू मारल्यासारखे लुकलुकत होते, एक मात्र स्थिर होता. तो बाहेर दारावरचा होता. आता तो लॅम्पमध्ये आहे आणि लुकलुकणारा दारावर. (कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० की ६० असं विचारणारी एक ओळही असते. ती ऑटो एक्स्पोजरच्या वेळी उपयोगी पडते. आपल्याकडच्या विजेप्रमाणे निवडून ठेवावी.)

एक कटकट अजून आहे. तार काढून परत लावली की माझा कॅमेरा कधीकधी सगळं विसरतो आणि पुन्हा ऑटोवर जातो. म्हणून सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

विहिरीचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचली, भिंग डोळ्यांच्या रेषेत आलं, पंखा चित्राबाहेर गेला. पण मग नाक. कॅमेऱ्याच्या फार जवळ बसलं की नाक पुढे आणि कान मागे असा चेहरा दिसतो, कारण नाक भिंगापासून एक फुटावर तर कान दीड फुटावर. तीन फूट मागे सरकलं की हा फरक नगण्य होतो. मागे गेलं की खोलीच जास्त दिसते, ती कडेने कापून टाकायची. थोडे बिंदू वाया जातात, ते नाकापुढे परवडतात.

कुठे बघायचं हे मला सर्वांत जड गेलं. वर्गात साठ डोळे समोर असायचे. इथे एक काळं टिंब. मी सारखी पडद्यावर स्वतःकडेच बघत होते, केस नीट आहेत ना, पदर नीट आहे ना. आणि बघणाऱ्याला वाटतं या बाई आमच्या छातीशी बोलतायत. शेवटी स्वतःचं चित्र कागद लावून झाकलं. भिंगाच्या शेजारी भाचीचा लहानपणीचा फोटो चिकटवला, दात पडलेला. त्या फोटोला उद्देशून बोलायला लागले तेव्हा आवाजातला निवेदिकेचा सूरही आपोआप गेला.

आवाजाकडे मी फार उशिरा वळले, हे माझं चुकलंच. चित्र थोडं खराब असलं तरी माणूस बघतो. आवाज घुमत असेल तर तीन मिनिटांत बंद करतो. भाचीने मला हे तेव्हा सांगितलं नाही. नंतर म्हणाली, "मी तुझे पहिले दोन व्हिडिओ आवाज बंद करून, फक्त आकृत्या बघितल्या गं." इतकी मेहनत करून ही बातमी!

माइक वेबकॅममधलाच होता, म्हणजे माझ्यापासून तीन फुटांवर. तिथे माझा आवाज जेवढा पोचतो, जवळजवळ तेवढाच भिंतींवर आपटून आलेला आवाजही पोचतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, भिंतींचा मात्र होता तेवढाच राहतो. पुन्हा तोच व्यस्त वर्ग. कॉलरला लावायचा लहान माइक घेतला, हनुवटीपासून वीतभर खाली टोचला आणि टाकीतून एकदम बाहेर आले. खोलीत टाळी वाजवून पाहिली तर टणटणीत शेपूट ऐकू येत होतं. कॅमेऱ्याच्या मागे, म्हणजे माझ्या तोंडासमोर, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जाड रजई टाकली. कपाटाचं दार उघडं ठेवलं, आतले कपडेही आवाज पितात. टाळीचं शेपूट तुटलं. पंखा बंद, खिडक्या बंद. घाम येतो, पण दहा-बारा मिनिटांचा प्रश्न असतो.

माइकची पातळी अशी ठेवली की मोठ्याने बोलल्यावरही काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. या काट्यावर शून्य ही कमाल मर्यादा. तिला आवाज टेकला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. हळू आवाज वाढवता येतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवते, म्हणजे ओठ आणि आवाज पुढेमागे असतील तर जुळवता येतात. त्यानंतर पाच सेकंद गप्प. त्या शांततेवरून सॉफ्टवेअरला खोलीची घरघर ओळखता येते. आवाज गाळायचा तो बेतानेच. फार गाळला की पाण्याखालून बोलल्यासारखं होतं.

एक दुःखद प्रसंग नोंदवून ठेवते. ओबीएस घेण्याआधी मी दुसरं एक सॉफ्टवेअर वापरत होते. पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा, बावीस मिनिटं, एकदाही न अडखळता. शेवटच्या वाक्याला वीज गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. परत चालू केल्यावर फाइल होती, चांगली भरभक्कम होती, उघडत मात्र नव्हती. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच सगळं बंद पडलं, तर आत चित्रं असूनही कोणतं कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. तेव्हापासून एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करते. त्यात मध्येच तुटलं तरी तोपर्यंतचं वाचतं. काम झालं की ओबीएसमधूनच त्याची एमपी४ करून घेते, चित्र पुन्हा दाबावं लागत नाही, काही सेकंदांत होतं. सेकंदाला एक कोटी बिट या दराने मिनिटाला ७५ एमबी जागा लागते, तेवढी मोकळी आहे ना हे आधी बघते.

मधल्या काळात फोनच वेबकॅम म्हणून लावूनही पाहिला. फोनचा सेन्सर मोठा असतो, चित्र खरोखरच उजवं येतं. २०२२ पासून आयफोन मॅकला वेबकॅम म्हणून बिनतारी जोडता येतो, आणि अँड्रॉइड १४ पासून काही फोन तारेने जोडून थेट वेबकॅम म्हणून चालतात. ज्याच्याकडे जुना फोन पडून असेल त्याने हे आधी करावं. माझ्याकडे एकच फोन, तो तापायचा, आणि नेमका अपवर्तनांक काढताना कुणाचा तरी कॉल यायचा. म्हणून परत वेबकॅम.

खोटं बॅकग्राउंड एकदाच वापरलं. हातातला लोलक त्याला माणसाचा भाग वाटेना. त्याने लोलक कापून टाकला आणि मी रिकाम्या चिमटीकडे बोट दाखवत वर्णपट समजावत राहिले.

आणि हो, काच पुसा. एकदा सगळं जमून आलं असताना चित्रावर दुधाळ धुकं आलं. तासभर आकडे बदलत बसले. भिंगावर माझ्याच बोटाचा ठसा होता.

चौदा धडे झाल्यावर मनात आलं म्हणून एक चाचणी घेतली. त्याच उजेडात, त्याच जागी, तोच परिच्छेद लॅपटॉपच्या जुन्या ७२० च्या कॅमेऱ्यावरही बोलले आणि दोन्ही तुकडे भाचीला पाठवले, कोणता कशाचा हे न सांगता. तिने फोनवर दोन्ही पाहिले आणि विचारलं, "मावशी, एकच दोनदा पाठवलंस का?"

शेवटचा धडा उरला होता सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाचा, म्हणजे पिनहोल कॅमेऱ्याचा. खोका, पुढे सुईने पाडलेलं भोक, मागे ट्रेसिंग पेपरचा पडदा, समोर मेणबत्ती. हा प्रयोग उजेडात दिसतच नाही. पडद्यावरची प्रतिमा इतकी क्षीण असते की खोलीत दुसरा दिवा चालत नाही. इतके दिवस जमवलेले दिवे एकेक करून विझवले, खिडकीवर रजई टाकली. पडद्यावर नुसता काळोख. मग एक्स्पोजरची पट्टी उलट्या दिशेने ओढत नेली, उणे चार, उणे तीन. म्हणजे एक अष्टमांश सेकंद. फ्रेम सातआठवर आल्या, कडेच्या काळोखात मुंग्या फिरायला लागल्या, आणि मधोमध ट्रेसिंग पेपरवर करंगळीएवढी मेणबत्ती उमटली, दांडी वर, ज्योत खाली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अजिबात न हलता बोलायला सुरुवात केली.